तिला सांगू नका

मानसोपचार वॉर्डातल्या नर्सला बाकीचं रुग्णालय एकाच कामासाठी ओळखतं. कुठे एखाद्या रुग्णाने आरडाओरडा केला, सलाईन उपटलं, कोणाच्या अंगावर धावून गेला, की आमच्या वॉर्डात फोन येतो. पेशंट व्हायलंट झालाय, तुमच्या सिस्टरला लवकर पाठवा. बस, इतकंच. आधी काय घडलं हे कोणी सांगत नाही. विचारलं तर पलीकडचा माणूस चिडतो. आम्ही जायचं, रुग्णाला गप्प करायचं आणि परत यायचं, अशी सगळ्यांची समजूत आहे. बरीच वर्षं मी हे काम करते आहे आणि त्या समजुतीची मला बरीच वर्षं चीड आहे. पण ज्या दिवसाबद्दल सांगते आहे, त्या दिवसापासून ती चीड वेगळीच झाली.

कापसाची वेचणी सुरू होती. त्या दिवसांत आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात दवाखान्यात नातेवाइकांची गर्दी कमी असते. एकजण रुग्णाजवळ थांबतो, बाकीचे वावरात. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. बाळंतिणींच्या वॉर्डातून फोन आला. सिझर झालेल्या बाईने मावशीच्या डोक्यात डबा मारला होता आणि गार्डच्या हाताला चावली होती.

मी पोचले तेव्हा वॉर्डाच्या दारात माणसं जमली होती. मावशी, म्हणजे वॉर्डात साफसफाई आणि रुग्णांचं वरचं काम करणारी बाई, बाकावर बसून कपाळावर ओलं फडकं धरून होती. आत फरशीवर वरणभात सांडला होता. कोपऱ्यातल्या खाटेजवळ दोन गार्ड एका बाईला धरून उभे होते. एकाने तिचा हात मागे पिरगाळला होता. वय तिशीच्या आतलं. केस सुटलेले, पायात काही नाही, दवाखान्याचा गाऊन छातीवर ओला. दुधाने ओला. पोटावर ताजे टाके असलेल्या बाईचा हात दोन धडधाकट पुरुष पिरगाळत होते आणि शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची नणंद मोबाइल समोर धरून ते सगळं चित्रित करत होती.

मी आधी त्या मोबाइलकडे गेले. ती म्हणाली, मी तर सहजच. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि तिने ते पुसून टाकेपर्यंत हलले नाही. ते त्याआधीच पुढे गेलं होतं, हे मला नंतर कळलं.

मग गार्डना हात सोडायला सांगितलं. एकजण म्हणाला, "सिस्टर, चावते ते."

"चावू दे. सोड."

खाटेच्या पायथ्याशी रेसिडेंट डॉक्टर इंजेक्शन भरून उभी होती. तरुण मुलगी, रात्रभर जागलेली दिसत होती. मी थोडा वेळ मागितला. टाके उसवले तर जबाबदार कोण, असं तिने विचारलं. तिचं चूक नव्हतं. मी म्हटलं, अशी धरपकड चालू राहिली तर नक्की उसवतील. ती बाजूला झाली.

तेवढ्यात वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरने मला दाराशी ओढलं आणि कानात सांगितलं. बाळ जन्मल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाळांच्या आयसीयूत दगावलं होतं. घरच्यांनी नेऊन मातीही दिली होती. आईला मात्र सांगितलेलं नव्हतं. सासूने हात जोडून विनंती केली होती, तिला सांगू नका, टाके ओले आहेत, सुट्टी झाली की घरी नेऊन आम्हीच सांगू. मोठ्या डॉक्टरांनी होकार दिला. मग सगळ्यांनी तेच धरलं. डॉक्टर, सिस्टर, मावश्या, नवरा. बाळ काचेच्या पेटीत आहे, वजन वाढतंय, उद्या दाखवू.

"आता तूच काहीतरी समजाव," इन्चार्ज म्हणाली, "पण ते सांगू नको."

राग आला की माझे कान तापतात. तसे तापले होते आणि आत जाण्याआधी ते थंड करणं मला भाग होतं, कारण रुग्णाला आवाजातला राग सगळ्यात आधी ऐकू येतो. तो कोणावरचा आहे, हे त्याला कळत नाही.

गळ्यातली ओळखपत्राची दोरी, खिशातली कात्री आणि पेन मी इन्चार्जच्या हातात दिलं. गार्डना दाराबाहेर पाठवलं, चालत्या-फिरत्या रुग्णांना व्हरांड्यात न्यायला सांगितलं, उरलेल्यांच्या खाटांपुढे पडदे ओढले. एक स्टूल घेतलं आणि तिच्या खाटेपासून थोडं लांब, दाराची वाट मोकळी राहील असं ठेवून बसले. कोंडलेला माणूस मारतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. हात मांडीवर उघडे ठेवले. शांत व्हा, असं मी कधी म्हणत नाही. त्या दोन शब्दांनी शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

ती खाटेच्या कठड्याला पाठ लावून उभी होती. एक हात पोटावर दाबलेला. माझं माहेर केळझरजवळचं. ड्यूटीवर मी पुस्तकी मराठी बोलते, पण त्या दिवशी घरचीच बोली तोंडात आली.

"बाई, मी इथंच बसतो. तुह्या जवळ नाई येत. हात दुखून राह्यला का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "तू बी खोटं बोलाले आली का?"

"नाई."

"सगळ्या नाईच म्हणतात."

मग ती हळूहळू बोलू लागली. तिला दूध उतरलं होतं. छाती दगडासारखी झाली होती. सिस्टर येऊन सांगायच्या, बाळ अजून ओढत नाही, तुम्ही वाटीत पिळून द्या, आम्ही त्याला चमच्याने पाजतो. ती पिळायची. टाक्यांच्या कळा सोसत, उठून बसून, दर थोड्या वेळाने वाटी भरायची. मावशी ती वाटी झाकून घेऊन जायची. आज जेवणानंतर तिला लघवीला जायचं होतं. कोणी आलं नाही म्हणून ती भिंत धरत स्वतःच गेली. भांडी धुण्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत मावशी उभी होती. तिने वाटी बेसिनमध्ये उपडी केली आणि नळ सोडला.

"माह्या डोळ्यानं पाह्यलं म्या," ती म्हणाली. "माहं दूध. मोरीत."

ती खाटेवर परत आली. मावशी मागोमाग आली आणि रोजच्यासारखं म्हणाली, पिलं बरं बाळानं सगळं. तेव्हा तिने हाताशी असलेला डबा उचलून मारला.

हे त्या वॉर्डातल्या एकाही माणसाने मला सांगितलं नव्हतं. कारण एकानेही तिला विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या लेखी ती जेवता जेवता अचानक बिथरली होती.

"सिस्टर, माहं लेकरू गेलं ना?"

तिने हे अगदी साध्या आवाजात विचारलं. दाराशी इन्चार्ज उभी होती, ती मान हलवून मला नको नको म्हणत होती. मला ती दिसत होती.

"हो," मी म्हटलं. "गेलं."

ती पुढे आली आणि तिने मला थोबाडीत मारली. पूर्ण जोराने. माझा चष्मा उडाला आणि ओठ दातांवर आपटून फाटला. बाहेरून गार्ड धावत आला. मी हात वर करून त्याला तिथेच थांबवलं आणि स्टुलावरून उठले नाही. तिने दुसऱ्यांदा हात उगारला, पण तो तसाच राहिला. मग ती माझ्यासमोर फरशीवर बसली, सांडलेल्या भातात, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा म्हणता येणार नाही. तो थांबायला वेळ लागला. मी खाली बसले. तिच्या पाठीवर हात ठेवू का, असं विचारलं. ती थोडी माझ्याकडे कलली. तेव्हा ठेवला.

"पोट्टी होती का पोट्टं?"

तिला हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या गुंगीत काहीतरी ऐकलं होतं. नंतर कोणाला विचारलं की म्हणायचे, बाळ छान आहे.

"पोट्टी."

"कशी होती?"

मी पाहिलं नव्हतं. खरं तेच सांगितलं, आणि जिने पाहिलं तिला बोलावून आणते, असं म्हणून बाळांच्या आयसीयूत गेले. तिथली सिस्टर यायला तयार नव्हती. हे आमचं काम नाही, वरून ऑर्डर नाही. माझ्या ओठातून रक्त येत होतं आणि आता आवाजातला राग लपवायची गरज नव्हती. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती आली. आल्यावर मात्र तीही माणूस होती. फरशीवर बसली आणि तिने सांगितलं, केस खूप होते, कपाळावर येत होते. बोटं लांब होती. रडली फारशी नाही, पण डोळे उघडून बघायची.

"बोटं माह्या मायची," ती म्हणाली. पुन्हा सांगा म्हणाली. सिस्टरने पुन्हा सांगितलं.

मग तिने नवऱ्याला बोलावलं. तो एवढा वेळ कँटीनच्या बाहेर उभा होता. देवळीला बसस्टँडजवळ त्यांचं कापडाचं दुकान आहे, ब्लाउजपीस, फॉल, अस्तर असलं सगळं. दोघं मिळून चालवतात. तो दारातून आत आला आणि माझ्या ओठाकडे पाहून तिथेच थबकला. मला वाटलं, ती त्याला मारेल. तिने त्याला समोर बसवलं.

"कुठं ठेवलं?"

"वावरात. बोरीखाली."

"कायच्यात गुंडाळलं?"

"मलमल नेलं होतं दुकानातलं. पांढरं."

"पांढरं काऊन? वरच्या खणात गुलाबी होतं ना."

"मले सुचलं नाई," तो म्हणाला. आणि मग तोच रडायला लागला, गुडघ्यांत डोकं घालून. ती त्याच्याकडे बघत राहिली. जवळ गेली नाही.

"तू मातीले गेलता," ती म्हणाली, "आन् आल्यावर मले म्हणे, लेकरू चांगलं दूध पिऊन राह्यलं."

इंजेक्शन द्यावं लागलं नाही. रेसिडेंटने टाके पाहिले. एका जागी थोडं पाझरलं होतं, तिथे पट्टी केली. जाताना ती मला म्हणाली, मला सांगायला सांगितलं असतं तर मी सांगितलं असतं. मी विचारलं, आणि सांगायला सांगितलं नाही तर? ती निघून गेली.

व्हरांड्यात सासू उभी होती. लुगड्याचा पदर तोंडावर धरलेला. तिच्याशी भांडायचं ठरवूनच मी बाहेर आले होते. तिने मला बोलू दिलं नाही.

"माहे दोन गेले," ती म्हणाली. "मले कोणी सांगतलं नाई. म्या बी विचारलं नाई. मी मेली का?"

भांडायचं तिथेच राहिलं, आणि त्याचाही राग आला. ती राक्षसीण असती तर बरं झालं असतं. आपल्याला जे दिलं गेलं तेच ती पुढे देत होती, वर त्याला माया म्हणत होती. पण तिचं एक वेळ समजू शकते. आम्ही शिकलेली, पगार घेणारी माणसं. दूध येणाऱ्या बाईला खोटं सांगून तिच्याकडून वाट्या भरून घेणारी. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, हे मला आजही पटत नाही.

मावशी बाकावर रडत होती. कपाळाला टेंगूळ आलेलं. मी तिच्याजवळ बसले, तर ती म्हणाली, "मले सांगतलं तसं केलं, सिस्टर. फेकाले हात नव्हता होत. पण ठेवू कुठं?"

तिच्यावर मी रागावले नाही. मार तिने खाल्ला. ज्यांनी ठरवलं ते त्या वेळी वॉर्डात नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या खोलीत मला बोलावणं आलं. सासूच्या भावाने तक्रार केली होती. देवळीतला वजनदार माणूस, ओळखी भरपूर. मोठे डॉक्टर खुर्चीत बसले होते. हे सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिने विचारलं, मी उत्तर दिलं. ते म्हणाले, जे केलं ते रुग्णाच्या हिताचं होतं. मी विचारलं, दूध मोरीत ओतण्यात कोणाचं हित होतं. मेट्रनने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. डॉक्टर खिडकीकडे बघू लागले. मला वाटतं, वाट्यांबद्दल त्यांना माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं, पुढे काय करता म्हणून. तिला सांगू नका एवढं म्हणून ते ओपीडीत गेले होते आणि बाकीचं खोटं खालच्या लोकांनी आपापल्या कुवतीप्रमाणे रचलं होतं.

मग विषय माझ्या ओठावर आला. ते एकदम सौम्य झाले. रुग्णाने तुम्हाला मारहाण केली आहे, पोलिसांत द्यायचं का, रुग्णालय तुमच्या पाठीशी आहे. गार्डने बाळंतिणीचा हात पिरगाळल्याचा व्हिडिओ तोवर त्यांच्याही मोबाइलवर आला होता. बाई आधीपासूनच हिंसक होती, असं माझ्या तोंडून आलं असतं तर सगळ्यांची सुटका होती.

मी म्हटलं, मला लागलं आहे, पण माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. ज्यांच्याबद्दल आहे त्यांची नावं सांगू का? कोणी हो म्हटलं नाही. पुढचे काही महिने बाहेरच्या वॉर्डांतून फोन आला की मला सोडून दुसरीला पाठवत. त्या बाळंतिणीच्या केसपेपरवर लिहिलेला 'आक्रमक' हा शब्द काढा म्हणून मी रेसिडेंटच्या मागे लागले होते. तिने काढला नाही. खाली एक ओळ जोडली, की बाळाचा मृत्यू रुग्णाला सांगण्यात आला नव्हता. इंग्रजीत, बारीक अक्षरात. तेवढं तरी तिने केलं.

टाक्यांच्या तपासणीला ती आली तेव्हा मला शोधत वर आमच्या वॉर्डात आली. एकटीच. नवरा खाली थांबला होता. साडी नीट नेसलेली, केस घट्ट बांधलेले. माझ्या ओठावरचा व्रण तिने निरखून पाहिला, पण माफी मागितली नाही, आणि मलाही ती नको होती. तिने सांगितलं, घरी गेल्यावर ती सगळ्यात आधी वावरात गेली. गुलाबी कापड घेऊन गेली होती. काय केलं त्याचं, ते मी विचारलं नाही.

व्हिडिओ देवळीत सगळ्यांनी पाहिला होता. ओला गाऊन, सुटलेले केस, गार्ड, सगळं. दुकानात बाया येतात, कापड उलगडायला लावतात, चेहऱ्याकडे बघतात आणि नंतर येतो म्हणून जातात. सासऱ्याने सुचवलं, काही दिवस दुकानात बसू नको.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी बसतो. थ्या माह्याकडं पाह्यतात, मी त्यायच्याकडं पाह्यतो." मग ती म्हणाली, "सिस्टर, मले एकाच गोष्टीचा राग येते. त्या वार्डात सगळ्यायले माहीत होतं. बाजूची बाई मले केळं दे, सफरचंद दे. दूध चांगलं येईन म्हणे. तिले बी माहीत होतं."

मी तिला चहा दिला. ती प्याली आणि देवळीची बस पकडायला गेली.

नंतर रुग्णालयाने आम्हा सगळ्या नर्सेससाठी एक प्रशिक्षण ठेवलं. आक्रमक रुग्णाला कसं हाताळावं. त्या व्हिडिओमुळेच ठेवलं होतं, पण तसं कोणी म्हटलं नाही. बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. पडद्यावर चित्रं दाखवली. अंतर किती ठेवावं, हात कुठे असावेत, आवाज कसा असावा. चूक काही नव्हतं. मग त्यांनी नाटुकलं करून दाखवायला माणसं मागितली. तुम्हाला अनुभव आहे, असं म्हणत मेट्रनने मला पुढे केलं. प्रशिक्षकांनी हसून सांगितलं, तुम्ही चिडलेली पेशंट व्हा, ओरडा, वस्तू फेका.

मी विचारलं, "का चिडले आहे मी?"

ते म्हणाले, कारण सध्या सोडून द्या.

"माझ्याशी कोणी खोटं बोललंय का? कोणी काही लपवलंय का? तेवढं सांगा, मग करते."

ते म्हणाले, मॅडम, समजा, काही कारण नाही.

मी जाऊन खुर्चीवर बसले. मागून एका नव्या मुलीला उठवलं. तिने चांगलं ओरडून दाखवलं, टेबलावरची पाण्याची बाटलीसुद्धा फेकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.